तुरीचं तास

मृग लागला की आमच्या घरासमोर मोटारसायकली थांबायला लागतात. पेरणीची घाई असते, बी-खताची ओढाताण असते, तरी बाप पोराला नाहीतर पोरीला मागं बसवून येतो. हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत बारावीची गुणपत्रिका, टीसी, जातीचा दाखला आणि अर्धामुर्धा भरलेला प्रवेश अर्ज. "सर, हे मेजर-मायनर काय भानगड हाये? झेरॉक्सवाल्यानं वरतं इकॉनॉमिक्स टाकलं अन् खाली जे आलं ते टाकून देलं. जमते ना?"

नाही जमत. झेरॉक्सवाला माणूस भला असतो, पण त्याच्यापुढं रांग असते, सर्व्हर मधूनच बसतो आणि यादीत जो विषय पहिला दिसतो त्यावर त्याचं बोट पडतं. त्याचे वीस-तीस रुपये झाले, तुमची तीन वर्षं ठरली. म्हणून बाकीचं सांगण्याआधीच एक विनंती करतो. मायनरचा रकाना दुकानात बसून भरू नका. अर्ज घरी आणा, रात्री झोपा, दुसऱ्या दिवशी महाविद्यालयात जाऊन त्या विषयाच्या मास्तरांना भेटा आणि मग भरा.

अमरावती आणि अकोला मिळून तीसेक वर्षं मी अर्थशास्त्र शिकवलं. त्यामुळं अर्थशास्त्र घेऊ म्हणणारी मुलं माझ्याकडं येतात, आणि अलीकडं त्यांच्या तोंडी एक नवा शब्द असतो. गेल्या हंगामात मूर्तिजापूरकडची एक मुलगी आली. बारावी विज्ञान, गणितात बरे गुण, मेडिकलचा नाद सुटलेला. म्हणाली, "सर, मले डबल मेजर करायचं हाये. इकॉनॉमिक्स अन् स्टॅटिस्टिक्स." बाप शेजारी बसला होता. सोयाबीन आणि तुरीचा शेतकरी. त्यानं विचारलं, "डबल म्हंजे दोन डिग्र्या काय?"

प्रश्न चांगला होता, कारण उत्तर बहुतेकांना माहीत नसतं. आमच्या वेळच्या बी.ए.ला इंग्रजी, एक भाषा आणि तीन ऐच्छिक विषय असत, आणि तिघांचं वजन सारखं. मी अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी वाङ्मय घेऊन पास झालो. म्हणजे हिशेबानं मी 'ट्रिपल मेजर' होतो, फक्त कोणी तसं म्हणत नव्हतं आणि मलाही त्याचा पत्ता नव्हता! आता ती रचना गेली. नवं शैक्षणिक धोरण आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठांच्या विभागांत, आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आलं. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या पाचही जिल्ह्यांतली, म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिममधली मुलं आता एक विषय मोठा आणि एक विषय लहान असा धरतात. मोठा तो मेजर, लहान तो मायनर. अभ्यासाचं माप क्रेडिटमध्ये. पंधरा तास वर्ग झाला की एक क्रेडिट, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांना एक.

मग डबल मेजर कुठं आहे? कागदावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीची जी चौकट काढली तिच्यात म्हटलंय की तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी निम्मे एका विषयात घेतले तर तो मेजर, आणि दुसऱ्या विषयात ४० टक्के घेतले तर दुहेरी मेजर. मी त्या बापासमोर जुन्या वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पहिल्याचे ६०, दुसऱ्याचे ४८, झाले १०८. उरले १२. आता त्याच चौकटीत भाषेचे ८ आहेत, कौशल्याचे ९, इतर विद्याशाखांचे ९, मूल्यशिक्षणाचे किमान ६ आणि इंटर्नशिपचे किमान २. हे झाले ३४. बारांच्या पोत्यात चौतीस भरायचे कसे? बावीस क्रेडिट जास्तीचे उचलावे लागतात. म्हणजे ३३० तास. सहा सत्रांत वाटले तरी आठवड्याला चार तास रोजच्या तासिकांवर आणखी. आणि आपल्या राज्याच्या चौकटीत मायनरला साधारण १८ ते २० क्रेडिट दिलेत, म्हणजे तिथून ४८ पर्यंतची चढण महाविद्यालयानं तशी सोय केली तरच चढता येते.

बापानं आकडा ऐकला आणि म्हणाला, "म्हंजे एका एकरात दीड एकराचं बी." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

तर डबल मेजर या शब्दाचा मोह आधी सोडा. तुमच्या महाविद्यालयात खरोखर तशी सोय असेल, दोन्ही विभागांत शिक्षक असतील, तर उत्तमच. पण मोठ्या शहरातल्या विद्यापीठाचा व्हिडिओ पाहून इथं ते शोधत बसू नका. शोधायची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या दोन सत्रांत काय घेतलं म्हणजे अर्थशास्त्राची वाट पुढं मोकळी राहते, आणि काय सोडलं म्हणजे ती बंद होते, ते बघा. माझ्या अनुभवात बंद करणारी गोष्ट एकच आहे. गणित सोडणं.

हे ऐकून मुलांचे चेहरे पडतात, कारण आपल्याकडं अर्थशास्त्र घेतातच मुळी गणित टाळायला. "सर, आर्ट्समंदी गनित नसते म्हणून तं घेतलं." खरं आहे, आमच्या वर्गातही फळ्यावर दोन रेषा, एक मागणीची आणि एक पुरवठ्याची, आणि खाली पाच मुद्दे, एवढ्यावर बी.ए. होत असे. पास होता येतं, पुढं जाता येत नाही. पुण्याची गोखले संस्था घ्या, रिझर्व्ह बँकेनं १९८७ साली मुंबईत सुरू केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था घ्या, किंवा लोकसेवा आयोगाची भारतीय आर्थिक सेवा घ्या, प्रवेशाच्या पेपरात कलन, आव्यूह आणि संख्याशास्त्र समोर येतं. आर्थिक सेवेच्या अर्थशास्त्राच्या पहिल्याच पेपरात गणिती आणि सांख्यिकी पद्धतींचा वेगळा भाग आहे. तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये हे कळलं तर काही करता येत नाही. पहिल्या वर्षाच्या जुलैत कळलं तर सगळं करता येतं.

आणि हे गणित परकं नाही. आपल्या भागातला प्रत्येक शेतकरी ते करतो, फक्त चिन्हं लिहीत नाही. कपाशीचा शेवटचा वेचा करायचा की नाही? झाडावर बोंडं थोडी उरलीत, मजूर बाई दिवसभर फिरून पहिल्या वेच्याच्या चौथाई कापूस काढणार, म्हणून किलोमागं मजुरी जास्त मागणार. मिळणाऱ्या कापसाची किंमत मजुरीपेक्षा जास्त असेल तोवर वेचायचं, बरोबरीला आली की गुरं सोडायची. यालाच पुस्तकात सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती म्हणतात, आणि सीमांत म्हणजे कलनातला विकलज. पहिल्या वर्षाला विकलज न शिकता सीमांत शिकणं म्हणजे तराजू न बघता भाव विचारणं.

संख्याशास्त्राचंही तसंच. "यंदा सरासरीएवढा पाऊस झाला" ही ओळ पेपरात वाचून आपल्याकडं कोणी खूश होत नाही. जुलैत तीन आठवडे खंड पडला आणि सप्टेंबरात चार दिवसांत धो धो आला, तरी सरासरी तीच. सरासरी एक गोष्ट सांगते, पसारा दुसरी सांगतो. हे ज्याला वावरात कळलंय त्याला प्रमाण विचलन शिकायला अर्धा तास लागतो.

तुरीचं आठवा. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशेच्या वर गेली. पुढच्या हंगामात ज्यानं त्यानं तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या उन्हाळ्यात अकोला-अमरावतीच्या खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या. बोनससह ५०५० रुपये क्विंटलचा हमीभाव होता आणि बाहेर व्यापारी त्याच्या पुष्कळ खाली मागत होते. गेल्या वर्षीच्या भावावर यंदाची पेरणी ठरते, म्हणून भाव वर-खाली झोके घेत राहतो. अर्थशास्त्रात याला कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्त म्हणतात. त्याचं समीकरण दोन ओळींचं आहे. ते सोडवलं की झोके वाढत जातील की शांत होतील, हे आधीच सांगता येतं. त्या रांगेत उभ्या असलेल्या बापांची मुलं वर्गात हा सिद्धान्त पाठ करायची आणि समीकरण आलं की 'हे ऑप्शनला टाकू' म्हणायची. मला ते फार लागायचं. अजून लागतं.

ज्यांनी अकरावी-बारावीला गणित घेतलंच नव्हतं, त्यांनी काय करावं? हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं कला शाखेत अशीच मुलं जास्त आहेत. विज्ञान शाखेचं गणित उघडू नका, घाबराल. वाणिज्य शाखेचं उघडा. बारावी वाणिज्यच्या गणिताच्या पहिल्या भागात आव्यूह, विकलन, त्याचे उपयोग आणि संकलन आहे. दुसऱ्या भागात समाश्रयण, कालमालिका, निर्देशांक, रेषीय नियोजन आणि संभाव्यता वितरण. अर्थशास्त्राच्या पदवीला लागणारं गणित जवळजवळ एवढंच. ही पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतात. आधी दहावीचं बीजगणित पंधरा दिवस, मग अकरावी वाणिज्य दिवाळीपर्यंत, मग बारावी वाणिज्य उन्हाळ्यापर्यंत. रोज पाऊण तास, आणि वाचून नाही, कागदावर सोडवून. तुमच्याच गावात वाणिज्यला असलेला एखादा मित्र शोधा. तो तुम्हाला विकलन सांगेल, तुम्ही त्याला निबंध लिहून द्या. असे सौदे आम्हीही केलेत.

आता मेजर कोणता नि मायनर कोणता. इथं माझं मत ऐकून काही सहकारी रागावतात, पण सांगतो. बारावीला गणित चांगलं झालेलं असेल आणि अर्थशास्त्राची खरी ओढ असेल, तर संख्याशास्त्र किंवा गणित मेजर घ्या आणि अर्थशास्त्र मायनर. उलटं वाटतं ना? पण दारं कशी उघडतात ते बघा. संख्याशास्त्राच्या पदवीधराला एम.ए. अर्थशास्त्राला अनेक नामांकित ठिकाणी प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं. अर्थशास्त्राच्या पदवीधराला एम.एस्सी. संख्याशास्त्राला जाता येणं मुश्कील. एक दार दोन्हीकडून उघडतं, दुसरं एकीकडूनच. शिवाय भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र हा एक विषय असला की बसता येतं, आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. दोन्हींचं वय एकवीस ते तीस. ज्यानं दोन्ही विषय धरलेत तो एकविसाव्या वर्षी एकीला आणि तेविसाव्या वर्षी दुसरीलाही बसू शकतो.

गणित नसलेल्यांनी अर्थशास्त्रच मेजर घ्यावं, आणि गणित वर सांगितलं तसं घरी करावं. मायनर म्हणून काय? राज्यशास्त्र सगळेच घेतात, स्पर्धा परीक्षेला बरं पडतं म्हणून. घ्या, वाईट नाही. पण भूगोल आणि इतिहास यांचा विचार तुम्ही करत नाही, याचं मला नवल वाटतं. आपण कुठं बसलो आहोत ते तरी बघा. १८५३ साली निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांकडं दिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं १८६१ ते ६५ तिथला कापूस थांबला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. देशातली पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून १८८६ च्या कारंज्याचं नाव घेतात, आणि १८९७ चा वऱ्हाडचा कापूस-धान्य बाजारांचा कायदा हा आजच्या बाजार समित्यांचा पूर्वज. दर शनिवारी बाप जिथं माल घेऊन जातो त्या बाजार समितीचा वंशवृक्ष इथंच रुजला, आणि आमची मुलं प्रकल्पाला विषय शोधतात 'जागतिकीकरणाचे फायदे-तोटे'! कपाळ.

अकोल्यात १९६९ साली सुरू झालेलं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, तिथं कृषी अर्थशास्त्राचा विभाग आहे. पिकाचा उत्पादन खर्च कसा काढतात, कोणता खर्च धरतात आणि कोणता सोडतात, हमीभावाच्या भांडणाचं मूळ तिथंच असतं. पहिल्या वर्षी एकदा तिथल्या ग्रंथालयाचा आणि विभागाचा दरवाजा बघून या. परवानगीचं पत्र तुमच्या विभागप्रमुखांकडून न्या. दारावरचा पहारेकरी आधी हुसकावतो, मग ऐकतो.

दोन विषय जोडीनं वाचणारी माणसं आपल्याच मातीत झालीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या अभ्यासक्रमांची मोजदाद उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच नि जर्मनचा प्राथमिक एकेक. या यादीकडं नीट बघा. एक खोड जाड आहे आणि फांद्या ठरवून सोडलेल्या आहेत. पुढं १९१८ साली त्यांनी हिंदुस्थानातल्या शेतीच्या तुकड्यांवर निबंध लिहिला, त्यात तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवरचा जास्तीचा भार उद्योगांकडं वळला पाहिजे असा मुद्दा मांडला. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक आलं. त्या २९ आणि ११ शिवाय हे झालं नसतं. दुसरं नाव वि. म. दांडेकरांचं. ते मूळचे संख्याशास्त्राचे. गोखले संस्थेत आले, नीलकंठ रथांसोबत १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला. विदर्भाचा 'अनुशेष' हा जो शब्द आपण भाषणात रोज ऐकतो, तो मोजून १९८४ साली अहवाल देणारी समिती त्यांच्याच अध्यक्षतेखालची. अनुशेषावर चौकात तावातावानं बोलणारे हजार आहेत. तो कसा मोजला आणि मोजणीत काय चुकलं असेल हे सांगणारा एक पोरगा मला अमरावतीत हवाय.

काही पालक दुसरा रस्ता सुचवतात. २०२२ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली. एक नियमित आणि दुसरी मुक्त विद्यापीठातून, किंवा वेळा जुळत असतील तर दोन्ही नियमित. नियमित बी.एस्सी. आणि सोबत इग्नूमधून अर्थशास्त्र, असं करता येतं. मी ना म्हणत नाही, पण पहिल्याच वर्षी नको. परीक्षांच्या तारखा एकमेकींवर येतात, स्वाध्याय राहतात, आणि ज्या मुलाची सकाळ दर्यापूरच्या एसटीत नि संध्याकाळ त्याच एसटीत जाते त्याला दोन पदव्यांचं ओझं झेपत नाही. दोन सत्रं जाऊ द्या. पहिल्या विषयाचं मूळ धरलं की मग दुसरी लावा. पाऊस धरायच्या आत टाकलेल्या बियाण्याचं काय होतं ते मी तुम्हाला शिकवायची गरज नाही. दुबार पेरणीचा खर्च कोणी भरून देत नाही.

त्यापेक्षा स्वयम् पोर्टलवरचा एखादा अभ्यासक्रम बरा. त्याच आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्के क्रेडिटपर्यंत अशा ऑनलाइन अभ्यासक्रमांतून घेता येतात. पण आधी महाविद्यालयाची लेखी मान्यता, नंतर नोंदणी. हा क्रम उलटा केलेल्या एका मुलाचं प्रमाणपत्र मी पाहिलंय. छान रंगीत होतं, क्रेडिट मात्र शून्य.

आणि तुमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या मुलांना संख्याशास्त्र घेऊच देत नसतील तर? एकटे जाऊन विचारलं की कारकून "तसं नसते" म्हणतो. सहा-सात जण मिळून प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा, आवक क्रमांक घ्या, पोच जपून ठेवा. मेजर एका विद्याशाखेचा आणि मायनर दुसरीचा, हे नव्या रचनेत बसतं. अडचण असते ती वेळापत्रकाची आणि शिक्षकांची. वेळापत्रक माणसांनी केलेलं असतं. सात सह्या असल्या की ते कधी कधी हलतं.

वेळापत्रकावरून आठवलं. विषय निवडण्याआधी मागच्या वर्षीचं वेळापत्रक सूचना फलकावरून मोबाइलमध्ये टिपून आणा. माझ्या एका विद्यार्थ्यानं मोठ्या हौसेनं मायनर घेतला, आणि त्याचा तास नेमका मेजरच्या प्रात्यक्षिकावर आला. वर्षभर तो एकात हजर, दुसऱ्यात गैरहजर. दोष कोणाचा हे शेवटपर्यंत ठरलं नाही, त्याची उपस्थिती मात्र ठरली.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. मराठीतून शिकणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून वहीच्या मागच्या बाजूला दोन रकाने पाडावेत. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं त्याचा इंग्रजी जोडीदार. लवचिकता आणि इलॅस्टिसिटी, संधी खर्च आणि ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट, सीमांत आणि मार्जिनल. वर्षाला तीनशे शब्द होतात. मराठीतून समजून घ्या, तेच खरं समजणं. पण राज्याबाहेरच्या प्रवेश परीक्षेत उजवा रकाना लागतो, आणि तो तिसऱ्या वर्षी एकदम पाठ होत नाही.

"इकॉनॉमिक्स घेऊन बनते काय?" असं आया विचारतात. बँकेच्या कारकुनीला कोणतीही पदवी चालते, त्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. म्हणजे नंतर मला कोणी बोल लावत नाही.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. मी तिला दोन दिवस अर्ज न भरता राहायला सांगितलं. बाप कुरकुरला. त्याला मी विचारलं, सोयाबीनच्या सहा तासांमागं तुरीचं एक तास तुम्ही का टाकता? तो हसला. म्हणाला, सोयाबीन दसऱ्याला घरात येते, तूर उभी राह्यते. तिचं मूळ खोल जाते, तिला सोयाबीनचं पाणी लागत नाई. एक बुडालं तं एक हाती लागते. "पण तूर जास्त टाकली तं?" मी विचारलं. "मंग दोनी मरते."

तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. मुलगी मोबाइल पुढं करून वेळापत्रक दाखवत होती. मेजर संख्याशास्त्र, मायनर अर्थशास्त्र, ऑनलाइनचं काही नाही, दुसऱ्या सत्राच्या निकालानंतर पुन्हा बघायचं. विभागातल्या मॅडमना ती स्वतः भेटून आली होती. अर्थशास्त्राचा तास दुपारी, प्रात्यक्षिकानंतर.

"तास सुटते कितीले?" बापानं विचारलं.

"चारले."

"मंग गाडी सापडते," तो म्हणाला, आणि पिशवीला गाठ मारून उठला. वावरात डवरे थांबले होते.